जिथे तिथे हॉर्न

आमच्या हिने त्रेपन्नाव्या वर्षी गाडीचं लायसन्स काढायचं ठरवलं, त्याला कारण माझे डोळे.

डोळे अगदीच गेलेत असं नाही. समोरचं मला लख्ख दिसतं. चष्मा लावला तर औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचतो. गेलंय ते कडेचं. शाळेच्या फाटकाचा खांब मी एका महिन्यात दोनदा घासला आणि दोन्ही वेळा, खांबच कुणीतरी पुढे घेतलाय, असं छातीठोकपणे सांगितलं. मग हिने मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझं डोकं एका यंत्रात अडकवलं, ठिपका दिसला की बटण दाबायला लावलं आणि शेवटी कागद पुढे ठेवून म्हणाले, "काचबिंदू. औषधाने आहे ती नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही. गाडी चालवणं आजपासून बंद."

"पण डॉक्टर, मी समोर बघूनच चालवतो की!"

"तेच तर," ही म्हणाली.

आमची बेकरीच्या ब्रेडची फेरी. बावीस वर्षं झाली. उजाडायच्या आत बेकरीच्या आवारात क्रेट भरायचे आणि दहाच्या आत सदतीस दुकानं, दोन शाळांची उपाहारगृहं आणि एक रुग्णालय उरकायचं. मी स्टिअरिंगवर, ही शेजारच्या सीटवर. आमच्या धंद्यात त्या बाजूला क्लीनर साइड म्हणतात. मी गाडी उभी करायची, हिने उडी मारायची, मागचं दार उघडून भरलेला क्रेट द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा आणि मी गियर टाकायच्या आत परत येऊन बसायचं. कोणाची पायरी निसटती आहे, कोणाकडे चावरं कुत्रं आहे, कोणाला जरा जास्त भाजलेला पाव लागतो, हे सगळं हिला पाठ. मला रस्ता पाठ. आणि तरी लोक ओळखायचे मला. ब्रेडवाले काका! हिला काकू म्हणायचे ते माझ्यामुळे. मी तिला चिडवायचोसुद्धा, "तुझं आपलं बरंय, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा!" जुन्या बैलगाड्यांना वंगणाचा नळा टांगलेला असायचा, गाडा जाईल तिथे तोही फुकटात फिरून यायचा. त्यावर ती फक्त "हळू" म्हणायची.

तिचे हळू तीन प्रकारचे. एक नुसता "हळू", म्हणजे पुढे खड्डा आहे. दुसरा "हळूऽऽ", म्हणजे पुढे माणूस आहे. तिसरा "अहो हळू!", म्हणजे मागे ब्रेड आहे आणि घरी मुलगी आहे. मुलगी आता मोठी होऊन दुसऱ्या गावी नोकरीला लागली, पण तिसरा हळू तसाच राहिला.

डॉक्टरांचा कागद घेऊन आम्ही बेकरीच्या मालकीणबाईंकडे गेलो. बाई रोखठोक, पण माणूस म्हणून चांगल्या. कागद वाचून म्हणाल्या, "काका, दोन महिने मी बदली ड्रायव्हर देते. काकू त्याच्याबरोबर जातील, म्हणजे गिऱ्हाईक बिथरणार नाही. पण कायम दोन माणसं आणि वर ड्रायव्हर मला परवडणार नाही. दोन महिन्यांत तुमच्या घरातलं कुणी तयार होत असेल तर फेरी तुमची. नाहीतर मला नवा माणूस बघावा लागेल."

मी मान खाली घातली. घरातलं कोण तयार होणार? घरात दोनच माणसं.

"मी शिकते," ही म्हणाली. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, जणू दुकानात क्रेट ठेवून यावा तसं सांगून मोकळी झाली.

मालकीणबाईंनी कागद घडी घालून परत दिला. मग म्हणाल्या, "चालेल. दोन महिन्यांच्या आत लेखी परीक्षा पास होऊन शिकाऊ लायसन्स दाखवा. ते दाखवलंत की पक्कं लायसन्स मिळेपर्यंत मी थांबते. शब्द देते."

मला काय वाटलं ते सांगून टाकतो. आनंद झाला नाही. फेरी जायच्या धसक्यापेक्षा मोठा धसका बसला. ती स्टिअरिंगवर बसणार म्हणजे मी कुठे बसणार?

हिला मी म्हटलं, "आधी आवारात जरा चालवून तर बघ. हाताला सवय होईल."

"कागद हातात आल्याशिवाय मी चाकाला हात लावणार नाही."

"आवारात कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ती म्हणाली. विषय संपला. ही बाई ब्रेडची पाकिटं दोनदा मोजते, एकदा देताना आणि एकदा दिल्यावर.

मुलीने फोनवर सरावाचे प्रश्न पाठवून दिले आणि नियमांचं एक पुस्तकही धाडलं. पाचशे प्रश्न होते, प्रत्येकाला चार पर्याय. खऱ्या परीक्षेत त्यातले तीस यायचे, पंचवीस बरोबर आले तर पास. मी लगेच मास्तरकी घेतली. दुपारी फेरीवरून येऊन, जेवून तिने जरा पाठ टेकली की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसायचो. मी फोन धरून प्रश्न वाचायचो, ती हाताची घडी घालून उत्तर द्यायची. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस घरातच बसलाय म्हटल्यावर आणखी काय हवं? काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, असं मी मुलीला फोनवर ऐकवलंदेखील.

पहिल्या दिवशी तीसात अकरा आले.

"असं कसं?" मी विचारलं. "हा बघ सोपा प्रश्न. रस्त्यावर अचानक चेंडू घरंगळत आला. तुम्ही काय कराल?"

"ओरडेन."

"ओरडेन असा पर्याय नाही."

"मग कोणते आहेत?"

"वेग वाढवून निघून जाल, हॉर्न वाजवाल, वेग कमी करून थांबायच्या तयारीत राहाल, बाजूने काढाल."

"हॉर्न," ती म्हणाली.

"अगं, चेंडूला काय ऐकू येतंय?"

"चेंडूमागून पोरगं येतंय त्याला येतं."

तिचं म्हणणं चूक नव्हतं, उत्तर चूक होतं. एकोणीस चुका मी एकेक करून तपासल्या. अकरा ठिकाणी पर्यायात हॉर्न होता आणि अकराही ठिकाणी तिने हॉर्नवरच बोट ठेवलं होतं. म्हातारा माणूस रस्ता ओलांडतोय, हॉर्न. समोरची गाडी मागे येतेय, हॉर्न. दाट धुकं पडलंय, हॉर्न. रुग्णालयासमोर, जिथे हॉर्न वाजवायला बंदी असल्याची पाटी प्रश्नातच काढून दाखवलेली, तिथेही हॉर्न.

"तुझी गाडी आहे की वाजंत्री?" मी म्हटलं.

"तुम्ही प्रश्न वाचा."

पंधरा दिवसांत अकराचे सतरा झाले, सतराचे बावीस झाले. हॉर्न कमी झाला, पण गेला नाही. बाई हुशार. पाट्या तिने दोन दिवसांत तोंडपाठ केल्या. थांबण्याचं अंतर, टायरची हवा, दिव्यांचे नियम हे सगळं ती क्रेट लावता लावता पाठ म्हणायची, असं बदली ड्रायव्हरने मला सांगितलं. पण प्रश्नात एखादं माणूस, पोर किंवा जनावर आलं, की हिचं बोट हॉर्नकडे.

एका प्रश्नावर मात्र आमचं भांडण झालं. गोल चौकात शिरताना पहिला हक्क कोणाचा?

"गोलात आधीच फिरतोय त्याचा," ती म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "शिरणाऱ्याचा."

"पुस्तकात..."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी ब्रेड पोचवलाय का? बाजारापुढच्या गोल चौकात मी बावीस वर्षं शिरतोय. कधी थांबलोय? सगळे थांबतात. काका आले म्हटल्यावर बसवाला थांबतो, पाण्याच्या टँकरवाला थांबतो. मी हात वर करतो, ते थांबतात. याला म्हणतात रस्त्याचा खरा नियम."

तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," म्हणाली.

"लिही, शिरणाऱ्याचा."

"बरं म्हटलं ना!"

पुस्तकात त्याचं उत्तर काय दिलंय, ते मी उघडून बघितलं नाही. गरजच काय?

परीक्षेच्या दिवशी मी बरोबर गेलो. एक लांबट खोली, ओळीने संगणक, बाहेर बाक. बाकावर सगळी विशीतली पोरं. खिडकीतल्या कारकुनाने आमच्याकडे बघून मलाच विचारलं, "काका, तुमची परीक्षा का?"

"माझी," ही म्हणाली आणि आत गेली.

तो अर्धा तास मी बाकावर बसलो होतो. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय आलं, तेही लपवत नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं, नापास झाली तर बरं. फेरी जाईल, पण दोघांचीही जाईल. दोघं सारखेच घरी बसू. बावीस वर्षं जिने माझ्या शेजारी बसून पहाटे डब्यातला चहा पाजला, तिच्याबद्दल असं वाटून घेणारा माणूस मी.

ती बाहेर आली. हातात कागद होता. तीसात चोवीस.

"एकाने गेली," ती म्हणाली. रडली नाही, पण नाकाचा शेंडा लाल झाला होता. "दहा दिवसांनी परत बसता येतं. दोन महिन्यांना बाराच दिवस उरलेत. म्हणजे एकदाच."

मी कागद घेतला. चुकलेले सहा प्रश्न खाली छापले होते. पाच हॉर्न. सहावा गोल चौक.

तिला बरोबर येत होतं. मी खोडायला लावलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायला इथे अंगणही नव्हतं, नाच तिचा आणि पाय मी मोडलेला. आणि आत कोपऱ्यात बसलेला तो दुसरा माणूस आता गप्प झाला होता, त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती.

"अगं, पण खरंच सगळे थांबायचे," मी म्हणालो. एवढं झालं तरी जीभ गप्प बसेना.

"थांबायचे," ती म्हणाली. "कारण मी खिडकीतून हात काढून थांबवायचे."

"काय?"

"तुम्ही आतल्या आत हात वर करायचात, कुणालाच दिसायचा नाही. मी या बाजूने दोन्ही हात बाहेर काढायचे. बसवाल्याच्या बायकोला जुळी झाली तेव्हा त्याच्याकडे बनपाव कोणी पाठवले? टँकरवाल्याला रोज नमस्कार कोण करत होतं?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला किती आनंद व्हायचा," ती म्हणाली. "रोज सकाळी. कशाला घालवायचा?"

आम्ही घरी चालत निघालो. राग आला होता का? आला होता, थोडा. पण राग काढायचा कोणावर? ज्याच्यावर काढावा तो माझ्याच चपला घालून चालत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार, फेरीला सुट्टी. रविवारी गाडी धुणं हे माझं काम, ते डॉक्टरांनी बंद केलं नव्हतं. बेकरीच्या आवारात मी बादली, फडकी घेऊन गेलो. मागचा कप्पा धुतला, काचा पुसल्या आणि पुढची रबराची पायपुसणी झटकायला काढली. माझ्या बाजूचं बऱ्यापैकी शाबूत होतं. हिच्या बाजूचं काढलं आणि उन्हात धरलं तर त्यातून आवाराची भिंत दिसली.

उजव्या पायाखाली आरपार भोक पडलं होतं, बशीएवढं. खालच्या पत्र्यावरचा रंगही गेला होता आणि पत्र्याला जरासा खळगा पडला होता. मी इतकी वर्षं गाडी धुतोय, पण हिच्या बाजूचं पुसणं हीच झटकायची. माझ्या हाताला ते कधी लागलंच नव्हतं.

ते पुसणं तसंच काखेत मारून मी घरी आलो. ही कपडे वाळत घालत होती.

"हे काय?" मी विचारलं.

तिने बघितलं आणि चक्क लाजली. "ते होय? ब्रेक."

"कसला ब्रेक?"

"माझा. तुम्ही दाबायच्या आधी मी दाबायचे. पाय आपोआप जायचा."

मी खुर्चीवर बसलो. पुसण्यातल्या भोकातून बोट घालून बघत बसलो. आणि मग एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला. ही बाई बावीस वर्षं गाडी चालवत होती. रोज, पूर्ण फेरी, सदतीस दुकानं. तिच्या पायाखाली ब्रेक नव्हता एवढंच. पाय दाबून गाडी थांबत नव्हती, म्हणून ती तोंडाने थांबवायची. तिच्याकडे लागणारा ब्रेक एकच होता, तो म्हणजे हळू. परीक्षेच्या पर्यायांत तोंडाने म्हणायचा हळू नसतो. हळूच्या सर्वांत जवळचा कोण? हॉर्न!

"अगं, तू परीक्षा क्लीनर साइडने देतेस!" मी ओरडलो.

"ओरडू नका, शेजारी ऐकतात."

त्या दुपारपासून आमचं समोरासमोर बसणं बंद. टेबल भिंतीला सरकवलं आणि दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावल्या, तोंडं ओट्याकडे. हाताखाली काहीतरी हवं म्हणून डब्याचं मोठं झाकण दिलं, पायाखाली पाटाचे दोन तुकडे. आणि मग एक जरा अवघड गोष्ट केली. तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि मी तिच्या बाजूला बसलो.

"इथे?" तिने विचारलं.

"इथे."

ती बसली, उठली, पदर खोचला, परत बसली. झाकण दोन्ही हातांनी धरलं. मी उजवीकडे मान वळवून बघितलं, कारण आता मान वळवल्याशिवाय शेजारचं माणूस मला दिसत नाही. इतक्या वर्षांत मी तिला गाडीत अशी मान वळवून कधी बघितली नव्हती.

"रस्त्यावर चेंडू घरंगळत आला," मी वाचलं. "काय कराल?"

"हॉ..." ती म्हणाली आणि थांबली. तिने खाली पायाकडे बघितलं. "इथे खराच ब्रेक आहे होय?"

"खरा आहे. तुझा आहे. दुसरं कुणी दाबणार नाही."

तिचा पाय पाटाच्या तुकड्यावर ठाण्णकन पडला. "तिसरा पर्याय. थांबायच्या तयारीत."

"म्हातारा माणूस रस्ता ओलांडतोय."

ठाण्ण. "थांबेन."

"धुकं आहे."

"हळू," ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. "अहो, हा हळू मलाच म्हणायचा आता!"

त्या दिवशी तीसात सत्तावीस आले. चौथ्या दिवशी अठ्ठावीस. पाटाचा तुकडा एवढा वाजायचा, की खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका विचारायला आल्या, तुमच्याकडे दुरुस्ती चाललीय का? मी म्हटलं, हो, जुनी दुरुस्ती आहे, बरीच वर्षं राहून गेली होती.

मास्तरकीही बदलली. आता मी उत्तरं सांगत नव्हतो, फक्त प्रश्न वाचत होतो. आणि वाचता वाचता कळलं, की लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते वाक्य माझ्यासाठीच केलेलं आहे. ओल्या रस्त्यावर किती अंतर ठेवायचं, मला माहीत नव्हतं. उतारावर उभ्या गाडीची चाकं कुठे वळवायची, चुकीचं माहीत होतं. मी मनातल्या मनात माझीही परीक्षा घेतली आणि एकवीस आले. हे तिला सांगितलं नाही. नंतर सांगितलं, तर म्हणाली, "मला वाटलं अठरा येतील."

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी फेरी आटोपून ती थेट तिथे आली. बाहीला पीठ लागलेलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने या वेळी मला काही विचारलं नाही, तिलाच म्हणाला, "या काकू." मी बाकावर बसलो. मनाचे सगळे कोपरे तपासून बघितले. त्या दुसऱ्या माणसाचा पत्ता नव्हता. होता तो एकच. पास होऊ दे, एवढंच तो घोकत होता. मी समोरच्या दाराकडे बघत बसलो. समोरचं मला दिसतं, आणि त्या वेळी दाराशिवाय दुसरं काही बघायचंही नव्हतं.

दार उघडलं. ती कागद छातीशी धरून आली आणि माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "एकोणतीस."

मी उभा राहिलो. बाकावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला काय करावं सुचेना, म्हणून मी तिच्या बाहीचं पीठ झटकलं.

"एक कुठला गेला?" मी विचारलं.

"विचारू नका."

"सांग की."

"डोंगरातलं आंधळं वळण. समोरून कोण येतंय ते दिसत नाही. काय कराल?" तिने कपाळाला हात लावला. "अहो, तिथे खरंच हॉर्न वाजवायचा असतो! तीसात एकच प्रश्न हॉर्नचा होता आणि तिथे मी दाबला नाही."

आम्ही दोघं इतके हसलो, की कारकुनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

शिकाऊ लायसन्सचा कागद मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवला तेव्हा दोन महिन्यांना दोन दिवस बाकी होते. बाईंनी तो चष्मा लावून वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, "फेरी तुमची. मी थांबते म्हटलंय, थांबते." मग खिडकीतून आवाराकडे बोट दाखवलं. "आता तरी चाकाला हात लावा काकू. फाटक लावून घेते."

दुपारची वेळ, आवार रिकामं, भट्ट्या बंद. ती गाडीपाशी गेली आणि सवयीने क्लीनर साइडचं दार उघडलं. तिथे मी आधीच उभा होतो.

"ही माझी," मी म्हणालो.

ती वळसा घालून पलीकडे गेली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, पट्टा लावला. माझ्याकडे बघून म्हणाली, "नळ्या, पट्टा लावा." बावीस वर्षांचं उसनं तिने एका शब्दात फेडलं आणि मला ते गोड लागलं.

मी बसलो. या बाजूने गाडी वेगळीच दिसते. पुढे काच आहे, पण हातात काही नाही. मी नवं पायपुसणं आणायचं म्हणत होतो, ते राहून गेलं होतं, तिचं जुनंच खाली होतं. पाय ठेवला तो बरोब्बर त्या भोकात गेला, खालच्या पत्र्याच्या खळग्यात टेकला. तिच्या पायाने घडवलेला खळगा, पण मलाही बेताचा झाला.

तिने किल्ली फिरवली. गाडी थरथरली, दोन गचके बसले, आणि मग खरंच चालायला लागली. बैलाच्या चालीने, पण चालायला लागली. तिचे ओठ हलत होते, बहुतेक पुस्तक म्हणत होती. आवाराची पलीकडची भिंत जवळ यायला लागली. आधी ठीक वाटली, मग जरा जास्तच जवळ वाटली. ती काही करेना. माझा उजवा पाय खळग्यात रुतला, मी तो होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो हळू!"

गाडी थांबली. भिंत चांगली दोन हात लांब होती.

मी श्वास सोडला. बायकोला अहो म्हणालो होतो, ते तिच्या लक्षात आलं असणारच, पण तिने ते सोडून दिलं. कपाळावरचा घाम पुसून मी म्हणालो, "बघ, मी दाबला आणि थांबली."

तिने गियर सोडवला, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"हो ना," ती म्हणाली. "बावीस वर्षं मलाही असंच वाटायचं."